चटई बांधलेलं डुक्कर

सोमवार, ३ फेब्रुवारी

पांगाई बंदराहून निघालेली होडी दहाच्या सुमारास बेटाला लागली. समुद्र तेलासारखा शांत होता. धक्क्यावर शाळेची मुलं रांगेत उभी राहून गाणं म्हणत होती. अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यात माझ्यासाठी कोणी गाणं म्हटल्याचं मला आठवत नाही. मुख्याध्यापक केपू यांनी माझी पेटी स्वतः खांद्यावर घेतली. म्हणाले, मास्तर, दोन महिने संगणकाच्या खोलीला कुलूप आहे, मुलं दाराला नाक लावून बसतात. आता तुम्ही जाणा आणि ती जाणोत.

राहण्याची सोय मेलेसेइनीबाईंकडे आहे. माझ्याआधीचे मास्तर इसिलेली त्यांचे भाचे. डिसेंबरात तापाने गेले, वय चौतीस. बाईंनी नारळाच्या दुधातली मासळी आणि उकडलेला कसावा कंद वाढला. पानात टाकलंस तर कोंबड्या हसतील, बाबा, म्हणाल्या.

खोलीत सात संगणक, छतावर सौर पट्ट्या, त्यांच्या चार बॅटऱ्या. खिडकीतून चर्च दिसतं आणि चर्चच्या बाजूला पांढऱ्या वाळूची दफनभूमी. देवाने मला जागा दिली. खेड्यातल्या शाळेत शिकलेला माणूस, चाळिशीनंतर संगणक शिकलो, आणि आज मास्तर झालो.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

खोली उघडताच मुलं एकाच गोष्टीवर तुटून पडली. गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ आहे, फुकटचा. जगभरच्या लोकांनी फावल्या वेळात मिळून केलेला. पेंग्विन, हत्ती, कोल्हा असे प्राणी छोट्या गाड्या पळवतात. खेळ सगळ्यांचा आहे. कोणीही घ्यावा, उघडून पाहावा, त्यात भर घालावी, वाटावा. अट एकच: ज्याने जे केलं त्याचं नाव त्यावरून पुसायचं नाही. पैसा नसतो तिथे नाव हीच मजुरी.

इसिलेलीने त्यात आपलं बेटच घातलं आहे. धक्का, शाळा, चर्च, केपूंची मोडकी बादलीसुद्धा. वर स्वतःचा एक प्राणी केला: आपल्याकडे ओहोटीला शिंपल्या उकरत फिरतं तसलं डुक्कर, आणि त्याच्या कमरेला आपण सणासुदीला गुंडाळतो तसली विणलेली नेटकी चटई. चटईशिवाय माणूस चर्चला जात नाही, मग डुक्कर तरी कसं जाईल? मी पोट धरून हसलो.

त्याचा विक्रमही खेळाने जपला आहे. तुम्ही एकटे धावलात की त्याची ती फेरी तुमच्याबरोबर धावते, काचेसारखी आरपार दिसणारी गाडी, तिच्यात तेच डुक्कर. मुलं ‘मास्तरांची गाडी’ म्हणतात. मास्तर म्हणजे तो.

रविवार, ९ फेब्रुवारी

चर्चमध्ये नव्या मास्तरांचं स्वागत एका वाक्यात झालं. मग पाद्री इसिलेलीसाठी प्रार्थना करू लागले, आणि ती लांबत गेली. वर्ष होईपर्यंत दर रविवारी त्याचं नाव घेतलं जाईल. सगळं चर्च ते नाव एकदम म्हणतं, आणि पुढच्या बाकावरची मुलं सगळ्यांत मोठ्याने.

इथे खरं लिहायचं असं ठरवलं आहे, म्हणून लिहितो. मला ते टोचलं. मेलेल्या माणसाचा हेवा करावा हे पाप आहे हे मला कळतं. प्रार्थना केली. टोचणी गेली नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आठवडाभर शाळा सुटल्यावर त्या रस्त्याचा सराव केला. वळणं पाठ झाली. तरी चार सेकंद मागेच. धक्क्याच्या वळणापर्यंत बरोबर असतो, चर्च ओलांडेपर्यंत तो पुढे निघून गेलेला असतो. चार सेकंद तो कुठे कमावतो ते दिसत नाही.

आज मुलं मागे उभी होती. लोसेली नावाची आठवीतली मुलगी, जीभ सुरीसारखी. म्हणाली, मास्तर, डुकराची शेपटी तरी धरा, ओढत नेईल. सगळी हसली. मीही हसलो. मग एकजण म्हणाला की मास्तर असते तर डोळे मिटून जिंकले असते. मी समोर बसलो असताना म्हणाला, मास्तर असते तर.

घरी बाईंनीही तेच केलं. कसाव्याची साल मी जाड काढतो म्हणाल्या. इसिलेली कागदासारखी पातळ काढायचा. त्याच्याच उशीवर झोपतो मी. उशीलासुद्धा त्याच्याच डोक्याचा खळगा.

सोमवार, १७ फेब्रुवारी

शनिवारी दिवसभर खेळून मी त्याला हरवलं! अर्ध्या सेकंदाने, पण हरवलं. यादीत सगळ्यांत वर माझं नाव आलं: मानासे. मुलांना सोमवारी दाखवीन म्हणून खोलीला कुलूप लावलं आणि रविवार कसाबसा काढला.

आज उघडून बघतो तर वर पुन्हा त्याचंच नाव, आणि वेळ माझ्याहून चार सेकंद कमी. नोंदीवर तारीख रविवार, १६. रविवार देवाचा; या बेटावर त्या दिवशी कोणी होडीचा नांगरसुद्धा उचलत नाही, पोहत नाही, कपडे वाळत घालत नाही. किल्ली माझ्या गळ्यात होती.

कोणीतरी त्याचा मान राखण्यासाठी चोरून खेळतं आहे. दुसरी किल्ली असणार. मुलांपैकी कोणी, नाहीतर बाईच. मी काहीच न झाल्यासारखा पडद्यावरची धूळ पुसत राहिलो. लोसेली मात्र ओठ दाबून बघत होती, किंवा मला तसं वाटलं.

रविवार, २३ फेब्रुवारी

चर्चनंतर गाव जमिनीतल्या खड्ड्याच्या चुलीत भाजलेलं जेवून आडवं होतं. कुत्रं भुंकत नाही. दोन वाजता मी खोलीत गेलो आणि कपाटाआड बसलो. चोर पकडायला बसणं म्हणजे काम नव्हे, अशी मनाची समजूत घातली.

कोणी आलं नाही. दार बंद, खिडकी बंद. तीनच्या सुमारास चौथ्या संगणकाच्या पंख्याचा आवाज यायला लागला.

उठून पाहिलं. पडद्यावर रस्ता होता आणि ती आरपार गाडी एकटीच धावत होती. समोर खुर्ची रिकामी.

पळून जायला हवं होतं. पण तेव्हा मला भीती वाटली नाही, लिहायला लाज वाटते, मला राग आला. मेल्यावरसुद्धा सोडत नाहीस का रे? मी खुर्चीत बसलो. रविवारी बसलो. त्याच्या मागे लागलो आणि या वेळी डोळे फक्त त्याच्यावर ठेवले. तेव्हा दिसलं. चर्चच्या वळणावर तो वळतच नाही. सरळ दफनभूमीतून जातो, थडग्यांवरून. आपल्यात कोणी थडग्यावर पाय ठेवत नाही.

मी ठेवला. ती वाट घेतली आणि त्याच्या आधी रेषा ओलांडली.

मग त्याच झोकात खेळाच्या फाइली उघडल्या. रस्ता कोणी केला, डुक्कर कोणी केलं, जिथे जिथे ‘इसिलेली’ होतं तिथे तिथे ते पुसून ‘मानासे’ लिहिलं. सतरा ठिकाणी. जतन केलं. बाहेर आलो तेव्हा पाय हलके होते. बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलो.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मुलांनी नाव पाहिलं. मी आपणहून सांगितलं की रस्त्यात मी बरीच सुधारणा केली, आता तो माझाच म्हणायचा.

लोसेलीने पडद्यावर बोट ठेवलं. दफनभूमीत वाळूचा एक ढिगारा होता, इसिलेलीचा. शेजारी दुसरा, नवा. ती म्हणाली, मग मास्तर, हा कोणासाठी केलात?

मी केलेला नाही.

डुकराची चटईही बदलली आहे. मोठी झाली आहे, गुडघ्याखाली आलेली, कडा फाटलेल्या. तशी चटई माणूस एकाच प्रसंगी बांधतो, कोणाला पुरताना. मेलेला आपल्याहून मानाने मोठा असेल तेव्हा. शिष्य मास्तरसाठी बांधतात.

बुधवार, २६ फेब्रुवारी

काल आणि आज सगळं परत बदलायचा विचार करत राहिलो. हात धजला नाही. सगळ्यांसमोर खोटा ठरलो असतो. इतकी ईर्ष्या अजून शिल्लक होती.

आज पडद्यावरच्या नव्या ढिगाऱ्यावर गोधडी दिसली, थडग्यावर अंथरतात तशी. निळी, पिवळ्या फुलांची. मी झोपतो तीच.

संध्याकाळी मेलेसेइनीबाईंच्या पाया पडून सगळं सांगितलं. त्या कसाव्याची साल काढत होत्या, हात थांबले नाहीत. रविवारी तिथे त्या बसत होत्या का, विचारलं. म्हणाल्या, वेडा आहेस का, मला त्यातलं बटण कळत नाही. मग साल टोपलीत टाकून म्हणाल्या, त्याने काही मागितलं होतं का रे तुझ्याकडे? नावच तर होतं. ते घेतलंस. आता ज्याचं नाव घेतलं त्याची जागाही घ्यावी लागते. उद्याच्या उद्या परत लिही. कामाच्या दिवशी लिही. रविवारी त्या खोलीत पाऊल टाकू नकोस.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

पहाटेपासून वादळी पाऊस. पट्ट्यांना ऊन नाही. बॅटऱ्या रिकाम्या. संगणक लागत नाही. संध्याकाळपर्यंत दर तासाला जाऊन बटण दाबलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

पाऊस. वीज नाही.

बाईंनी माळ्यावरून मोठ्या फाटक्या चटया काढल्या. कोणी गेलं का, विचारलं. अजून नाही म्हणाल्या. पावसाळी हवेत कसर लागते, म्हणून काढल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

शनिवार, १ मार्च

पाऊस. दफनभूमीपर्यंत गेलो. इसिलेलीच्या शेजारी वाळू उकरलेली आहे. माणसाच्या लांबीची. केपू म्हणाले डुकरं उकरतात, मास्तर, पावसात ती असंच करतात.

डुकरं.

सोमवारपर्यंत थांबायला हवं. बाई म्हणाल्या तसं. पण खड्डा आजच कमरेइतका आहे. सोमवारपर्यंत—

प्रार्थना करायला बसलो तर ओठांवर दुसऱ्याचंच नाव येतं.

रविवार, २ मार्च

ऊन. लख्ख ऊन. आठवड्यात पहिल्यांदा, आणि आजच.

चर्चची घंटा झाली. सगळे तिकडे गेले. मी गेलो नाही. वही बरोबर घेतली आहे. नाव परत लिहायचं, बंद करायचं आणि निघायचं. पाच मिनिटांचं काम. देवा, एवढी पाच मिनिटं मोजू नकोस.

चौथा संगणक आधीच चालू आहे.

सात ठिकाणी लिहिलं. इसिलेली, इसिलेली. आरपार गाडी बाजूला धावत असते, मी बघत नाही.

सतराही झाली. जतन केलं. तपासलं. सगळीकडे त्याचं नाव आहे. संपलं. देवाचे उपकार—

गाडी थांबली आहे. ती कधी थांबत नाही. दफनभूमीत थांबली आहे. डुक्कर उतरलं. चटई छातीपर्यंत, चिंध्या जमिनीवर. ते इकडे तोंड करून मान खाली घालून उभं आहे. मास्तरांसमोर मुलं उभी राहतात तसं.

विक्रमाच्या यादीत पाहिलं. माझी वेळ आहे. पुढे तारीख, आजची. मी आज धावलो नाही.

बंद होत नाही. तार काढली. तरीही—

चर्चमधून गाणं येतंय. रविवारचं नाही. ते दुसरं, प्रेत खाली सोडतानाचं. खिडकीतून बघितलं. मुलं बाहेर येतायत. सगळ्यांच्या कमरेला मोठ्या फाटक्या चटया. लोसेली रडते आहे. निळी गोधडी—

हाक मारली. कोणी वर पाहिलं नाही. दार उघडं आहे, मी जातोच आहे, पण खुर्ची मागे सरकत नाही, हात आरपार—कळफलक दिसतो हातातून—

पाद्री नाव घेतायत. इसिलेली नाही. मानासे. सगळे एकदम म्हणतात. मुलं सगळ्यांत मोठ्याने. किती गोड म्हणतात. हेच तर मला—