त्रेसष्ट फोन मेले, एक उरला

तीर्थस्वरूप मामा,

दोन्ही हात जोडून (म्हणजे रिसीव्हर खाली ठेवून) नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं बीपी? माझं विचारू नका, मीच सांगतो. पत्र आमच्या पहारेकऱ्याच्या हाती पाठवतोय, तो तुमच्याच गल्लीत राहतो. फोनच केला असता, पण आज पुन्हा रिसीव्हर उचलायची माझी तयारी नाही.

तुम्ही शब्द टाकलात म्हणून ही नोकरी लागली आणि मला कायम करायचं की नाही ते याच आठवड्यात ठरणार, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (मामी तर मी कायम झालो असं शेजारीपाजारी सांगून मोकळ्याही झाल्यात.) म्हटलं, काहीतरी करून दाखवावं. आमच्या ऑफिसातले फोन इंटरनेटवर चालतात. त्यांचं सॉफ्टवेअर जुनं झालं की नवी फाइल सर्व्हरवर ठेवायची. फोन बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि तिथून ती आपणहून उचलतो. पोरखेळ! आधी एका फोनवर करून बघावं असा नियम आहे. बघितलं की मी, माझ्याच टेबलावरच्या. झकास चालला. मग सगळ्यांना सोडली. आता माझा फोन गेल्याच महिन्यात आलेला, नव्या जातीचा, आणि बाकीचे त्रेसष्ट जुने, हे डोक्यात यायला नको का? नाही आलं. त्रेसष्ट फोन बंद झाले, चालू झाले, फाइल मागू लागले, ती पचेना म्हणून पुन्हा बंद. आणि जुनी फाइल? ती मी सर्व्हर स्वच्छ करताना पुसून टाकलेली. (आई म्हणते ते खरंय, मला आवराआवर करायला देऊच नये.)

त्यात भर म्हणजे, कोणी फोन उचलत नसेल तर जो चालू असेल तिकडे पाठवावा, ही सोय मीच करून ठेवली होती. अख्ख्या ऑफिसचे फोन माझ्या टेबलावर! मालाच्या तक्रारी, गोदामाचा ट्रक, कारकुनांच्या सासूबाई, सगळ्यांना मी आपला "हो, बोला" म्हणत होतो. तसंच एकदा "हो, बोला" म्हणालो आणि पलीकडे मुख्य कार्यालयातल्या बाई, फोन आमच्या साहेबांसाठी. "साहेब, तो तुमचा फोनवाला मुलगा. त्याला कायम करायचं ना?"

मामा, तो फोनवाला मुलगा म्हणजे मीच. मी साहेब नाही म्हणावं, तर फोन माझ्याकडे कसा आला ते सांगावं लागणार, म्हणजे बिंगच फुटणार. मी साहेबांसारखा खाकरलो. आता खाकरलो म्हटल्यावर बोलावंही त्यांच्यासारखंच लागणार, आणि साहेबांनी आजवर कुणाला चांगलं म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. चहा फक्कड झाला तरी "आज पाणी उकळलं वाटतं" म्हणतात. तोंडातून निघून गेलं, "कामाला बरा आहे, पण अर्धवट. घाई फार." बाई म्हणाल्या, "मग सहा महिने थांबू या का?" मी म्हणालो, "थांबा." आपल्याच हाताने आपल्या पायावर असा धोंडा कुणी पाडून घेतला असेल का हो?

जुनी फाइल फोन विकणाऱ्यांकडून चारला मिळाली, साडेचारला सगळे फोन सुरू. कुणी फारसं रागावलंही नाही. तेव्हा काळजी करू नका, सहा महिने काय, बघता बघता जातील. मामींना सध्या काही बोलू नका.

तुमचा भाचा

ता.क. काळजी करा. साहेबांनी सकाळीच माझी शिफारस लेखी पाठवली होती, चांगली पानभर. बाईंनी नुसती खात्री करायला फोन केला होता. सकाळी एक आणि दुपारी भलतंच कसं, असं त्यांनी आत्ता साहेबांना विचारलंय. दुपारी साहेब वरच्या मजल्यावर बैठकीत होते.

आणखी एक ता.क. कुठला फोन कोणी उचलला याची नोंद सर्व्हरवर असते. ती काढून नाव द्यायचं काम साहेबांनी माझ्यावरच सोपवलंय. "तुझ्याशिवाय विश्वास ठेवावा असं इथे आहे कोण?" म्हणाले. मामा, पहिल्यांदा कौतुक केलं हो माणसाने, मला रडूच आलं. उद्या अकरापर्यंत नाव द्यायचंय. चिठ्ठी लिहून ठेवलीय, नाव माझंच घातलंय. मी ती घेऊन साहेबांच्या खोलीत जाईन तेव्हा तुम्ही नुसते दाराबाहेर उभे राहाल का?