राजाच्या तबेल्याचे वादक

बाबा, मी ओबो वाजवते हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? मला सांगता येत नाही. रागावला असता, गप्प बसला असता, की वाद्य हातात घेऊन आधी त्याची पत्ती बघितली असती? ओबो म्हणजे तिकडची सनईच. तशीच दुहेरी पत्ती, तसाच लाकडाचा नळा, फुंकताना तसाच पणाला लागणारा श्वास. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. आता सिंगापूरला, वन-नॉर्थ भागातल्या एका ऑफिसात इंजिनियर आहे, आणि इतक्या वर्षांनी मला पुन्हा तुमची भीती वाटते आहे. तुमची आणि आणखी एका माणसाची.

मी तिसरीत असेन. दुपार आहे. तुम्ही कुठल्यातरी लग्नाहून येऊन झोपला आहात आणि सनई खुंटीला आहे. मी डब्यावर चढून ती काढते, पत्ती तोंडात धरते, फुंकते. रेडकू हंबरावं तसा आवाज निघतो. तुम्ही उठता. मारत नाही. मला न्हाणीत नेता, तांब्यातल्या पाण्यानं माझं तोंड धुता, चूळ भरायला लावता, पुन्हा धुता. "काहून हात लावला याले?" तांब्या रिकामा झाला तरी तुम्ही माझे ओठ पुसतच राहता. आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणते, "अहो, लेकरू हाय. खेळली जराशी." तुम्ही म्हणता, "खेळू दे ना, कायनंही खेळू दे. पण हे माह्या बापाकडून माह्याकडे आलं. इथून पुढे नाई जाणार." मारलं असतंत तर मी इतकी घाबरले नसते. बाप घाबरलेला मी तोवर पाहिला नव्हता.

कशाला घाबरलात ते त्याच उन्हाळ्यात कळलं. हट्ट करून मी तुमच्यासोबत एका मोठ्या घरच्या लग्नाला आले होते. मांडवाच्या बाहेर, नवरदेवाची घोडी बांधली होती, तिच्या शेजारी तुमची बसायची जागा. पाहुणे येतील तेव्हा दारात उभं राहून वाजवायचं, मग घोडीपाशी बसायचं, आणि सगळ्या पंगती उठल्यावर जेवायचं. तुम्ही पाणी प्यायला थांबलात तर आतून कुणीतरी ओरडलं, "ए वाजंत्री, झोपला का बे?" तुम्ही गडवा खाली ठेवून पुन्हा फुंकायला लागलात. त्यानंतर तुम्ही सनई सोडली, कापसाच्या जिनिंगमध्ये हमालीला लागलात आणि मला शिकवलंत. आपल्या घरातली पहिली पदवी, तुम्ही पाहिली नाहीत ती, अशी आली.

मग मी हे वाद्य का धरलं? पाया लेबार या इथल्या भागात, माझ्या फ्लॅटजवळ एक हॉल आहे. एका रविवारी तिथून तो आवाज आला आणि माझे पाय आपोआप वळले. आत पाच-सहा जण आणि त्यांच्या टीचर, नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या चिनी बाई. गेली काही वर्षं मी त्यांच्याकडेच शिकते आहे. ही मंडळी तीनशे वर्षांपूर्वीचं फ्रेंच संगीत वाजवतात, तेही अशांचं, ज्यांची नावं आता खुद्द फ्रान्समध्येही थोडेच लोक घेतात. त्यातले कितीतरी एकाच घराण्याचे. आजा लाकूड कातणारा, बाप वाद्यं करणारा आणि वाजवणारा, मुलगा वाजवणारा आणि लिहिणारा. राजानं त्यांना पगारावर ठेवलं, पण कुठल्या खात्यात? तबेल्याच्या. बाबा, घोड्यांसोबत! मिरवणूक निघाली की यांनी पुढे वाजवायचं. एकाबद्दल तर एवढंच ठाऊक आहे की त्याला बापाची जागा मिळाली, त्यानं पुस्तकभर नाचाच्या धुना रचल्या, आणि तो वारला. पण त्यातली एक संथ धून अशी आहे की वाजवताना मला श्वास पुरत नाही आणि संपू नये असंही वाटतं.

"बाप गेला की जागा मुलाला," टीचर एकदा त्यांच्या सिंगापुरी ढंगात सांगत होत्या. "गुड लाइफ, लाह! इंटरव्ह्यू नाही, काही नाही." सगळे हसले. मी विचारलं, "मुलाला नको असेल तर?" त्या म्हणाल्या, "नको कोण म्हणेल?" माझ्या ओठांवर तुमचं नाव आलं होतं. त्याच दिवशी त्यांनी शिकवलं की हे लोक स्वर सारख्या लांबीचे लिहितात, पण वाजवताना एक लांब, एक आखूड वाजवायचा. मला ते पटकन जमलं. कागदावर समान आणि प्रत्यक्षात असमान, हे मला कुणी वेगळं शिकवायला नको होतं.

आता त्या दुसऱ्या माणसाबद्दल. माझे मॅनेजर पुण्याचे आहेत, स्वभावानं चांगले. परवा कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, तुझं ते सनईसारखं वाद्य आहे ना? मुलीच्या साखरपुड्याला पाहुणे येतील तेव्हा दारात उभी राहून वाजव थोडा वेळ. इथे सनईवाला कुठे शोधू, हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांवर?" हशा पिकला. "आणि नऊवारी नेस हं, फोटो छान येतील!" मी पण हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मला माहीत आहे. माझा इथे काम करायचा पास पुढच्या महिन्यात संपतो आणि तो वाढवायचा की नाही हे तेच कंपनीला सांगणार, हेही माहीत आहे. धाकट्या भावाचं कॉलेज माझ्यावर आहे. एकदा वाटलं, ओठ सुजलाय म्हणून सांगावं. एकदा वाटलं, वाजवून टाकावं, कुणाला काय कळणार आहे. तुम्ही तर नाहीच आहात.

बाबा, तुम्ही वाद्यावर रागावला होता की त्या दारावर, हे मी तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, म्हणून माझं मीच ठरवलं. चुकलंही असेल. हे पत्र आईलासुद्धा वाचून दाखवणार नाही. ती आधी पासचं विचारेल, आणि त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. काल दुपारी मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. न विचारताच समोरच्या खुर्चीत बसले. म्हणाले, "सर, साखरपुड्याला मी येईन, पहिल्या पंगतीला जेवेन, पण दारात वाजवणार नाही. माझे बाबा लग्नांत सनई वाजवायचे आणि घोडीपाशी बसायचे." ते नुसतं "बरं" म्हणाले. मी शनिवारी हॉलमध्ये आम्ही वाजवणार आहोत त्या कार्यक्रमाचं तिकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर आले.