गॅरेजकडून आलेली पावलं

१० ऑगस्ट २०२५, रविवार. तिवसा

आज सामान लागलं. अकोल्याहून ट्रक सकाळीच आला. वाटेत पाऊस लागला नाही, त्यामुळे गाद्या कोरड्या राहिल्या. घर मनासारखं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि पुढे भरपूर अंगण. अंगणाच्या कडेला पत्र्याचं छत असलेलं गॅरेज. आधीचे मालक त्यात जीप ठेवत. आमच्याकडे फक्त स्कूटर आहे. मोनाली म्हणाली, "बाबा, गॅरेजवाले झालो आपण." बऱ्याच दिवसांनी तिला हसताना पाहिलं.

सुभद्राला असंच अंगण हवं होतं. अकोल्याच्या भाड्याच्या घरात ती तेलाच्या डब्यांत कोथिंबीर लावायची. मे महिन्यात ती गेली. त्या घरात मला आणि लेकीला राहवेना, म्हणून मी ऑफिसातून इकडे बदली मागून घेतली. मोनाली इथून बसने अमरावतीला कॉलेजला जाईल. आईच्या मागे ती खात नाही, बोलत नाही. ती पूर्वीसारखी व्हावी, एवढीच आता इच्छा आहे.

१५ ऑगस्ट

ऑफिसात झेंडावंदन करून आलो आणि अंगणाला लागलो. गाजरगवत कमरेइतकं होतं. मोनाली उपटत होती, मी ढीग करत होतो. शेजारच्या पार्बताबाई कुंपणावरून बघत होत्या. मागच्या वावरात त्यांचा भाजीचा मळा आहे. म्हणाल्या, "काहून दादा, गवत उपटून राहिले का सोनं शोधून राहिले?" मग स्वतःच वांग्याची रोपं आणून दिली आणि आम्ही ती उलटी लावतो की काय, म्हणून उभ्या राहिल्या. मोनाली त्यांच्याशी बरंच बोलली. बरं वाटलं.

१७ ऑगस्ट

गॅरेज साफ केलं. शटर गंजलं होतं, तेल सोडून मोकळं केलं. जमिनीवर जीपच्या ऑइलचे डाग होते, ते सोडा टाकून घासले. भिंतींना चुना दिला. एका बाजूला स्कूटर, दुसऱ्या बाजूला फळीवर जास्तीचं सामान. कोपऱ्यात महालक्ष्म्यांच्या कोठ्या उभ्या केल्या. कोठ्या म्हणजे पत्र्याची धडं, बाईच्या उंचीची. दरवर्षी त्यांना लुगडी नेसवून वर पितळी मुखवटे बसवायचे. ते सगळं सुभद्राच करायची, मला फक्त "अहो, ऐकून राहिले का?" अशी हाक मारून फुलं आणायला पाठवायची. मोनालीने कोठ्यांवर जुनी चादर घातली. धूळ बसू नये म्हणून, असं म्हणाली.

२४ ऑगस्ट

वांगी जगली. कुंपणाजवळच्या जुन्या जास्वंदीला पालवी आली.

पुढच्या रविवारी महालक्ष्म्या येतात. आमच्याकडे या वर्षी नाहीत, वर्षश्राद्ध होईपर्यंत सण नाही. मुखवटे मोठ्या वहिनी माणिकबाईंनी अकोल्याला कपाटात बांधून ठेवले आहेत. मोनालीला हे माहीत आहे, तरी जेवताना तिने विचारलं, निदान पावलं तरी काढू का? मी नाही म्हणालो. ती ताटावरून उठली.

३१ ऑगस्ट

पावलं काढू दिली. सकाळपासून पोरीने पाणीही घेतलं नव्हतं.

तिने तांदळाच्या पिठाच्या पाण्यात मूठ बुडवून गॅरेजपासून घरापर्यंत पावलं उमटवली. बोटांच्या टोकांनी अंगठा, बोटं. वर हळदकुंकू. सुभद्राने शिकवलं तशीच, इवलीशी. मग ती गॅरेजच्या दारात जाऊन उभी राहिली. दरवर्षी सुभद्रा मुखवटे हातात घेऊन यायची आणि उंबऱ्याच्या आतून कुणीतरी विचारायचं, कोण आलं? बाहेरून उत्तर यायचं, महालक्ष्मी आली. आज मोनालीच्या हातात काहीच नव्हतं. तरी ती पावलांवरून चालत आली आणि उंबऱ्याशी थांबून माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, कोण आलं?

ती म्हणाली, "आई आली."

रागवायला हवं होतं. पण मी उंबऱ्यातून बाजूला झालो. मी म्हणालो, ये.

नंतर दोघं रडलो. मोनाली पोटभर जेवली.

१ सप्टेंबर

रांगोळीवर पावसाची सर पडून गेली, पावलं वाहून गेली. दुपारी ऑफिसातून आलो तर ओसरीवर ओली पावलं होती. मोनाली अनवाणी हिंडली असेल असं वाटलं. ती कॉलेजमधून आलेलीच नव्हती. पावलं मोठ्या बाईची, गॅरेजकडून घरात आलेली. परत जाणारी नव्हती. फडक्याने पुसली.

३ सप्टेंबर

मोनाली खूश आहे. कढी केली, अगदी सुभद्रासारखी, ओव्याची फोडणी देऊन. कुठे शिकलीस विचारलं तर म्हणाली, सांगितलं ना. कुणी, ते बोलली नाही.

कॉलेजला जात नाही. गॅरेजमध्ये बसते. तिथे गार वाटतं म्हणते.

६ सप्टेंबर

स्कूटर काढायला गॅरेजमध्ये गेलो. एका कोठीवरची चादर खाली पडली होती. कोठीला हिरवं लुगडं नेसवलेलं होतं, निऱ्या नीट, पदर डोक्यावरून. मोनालीला हाक मारून विचारलं, हे कुठून आणलंस? ती म्हणाली, "मी नाही नेसवलं. आईचंच आहे ते."

पदर हातात घेऊन पाहिला. काठाला दुकानातच धागा ओढला गेला होता, तो तिथेच आहे. त्या दिवशी घाईत मीच विकत आणलं होतं हे लुगडं. ते नेसवूनच सुभद्राला नेलं. माझ्यासमोर जळलं.

स्कूटर तशीच ठेवून पायी ऑफिसात गेलो. दिवसभर काय लिहिलं, आठवत नाही.

७ सप्टेंबर

पार्बताबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं हसतील. त्या टोपली खाली ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "दादा, आणलं त्याले पोचवा लागते. तिसऱ्या रोजी अक्षता टाकून वाटेले लावतात ना? तुमी आणली अन् तशीच ठेवली." मी म्हणालो, ती परकी कुणी नाही, मोनालीची आई आहे. त्या म्हणाल्या, "असन. पण महालक्ष्मी एकटी बसते का कुठं? तिले जोडी लागते."

निघताना बजावलं. अक्षता टाका, दहीभात दाखवा. दरवर्षी म्हणतात तसं पुढच्या वर्षी येजो म्हणू नका. जा म्हणा.

मोनालीला घेऊन अकोल्याला जायला निघालो. ती फाटकापर्यंत आली आणि तिथेच खाली बसली. पाय उचलत नाही, म्हणाली. खरंच उचलत नव्हते. घरात आणताना मात्र अंगाला भार नव्हता.

९ सप्टेंबर

मोनाली दिवसभर गॅरेजमध्ये उभी असते. दुसऱ्या कोठीच्या जागी. कोठी बाहेर, वांग्यांच्या वाफ्यात आडवी पडलेली. मी टाकली नाही.

डोळे मिटत नाही ती. हात गार.

मला जा म्हणता येईना. दोनदा अक्षता घेऊन गेलो. पदराआडून सुभद्राच्या केसांच्या तेलाचा वास आला. परत आलो.

१० सप्टेंबर

आज दुपारी करतो. लेकीसाठी. तांदूळ कुंकवात भिजवून ठेवले आहेत.

१० सप्टेंबर, संध्याकाळ

झालं.

दोघी शेजारी उभ्या होत्या. एक हिरव्या लुगड्यात, चेहऱ्यावर पदर. दुसरी मोनालीच्या जांभळ्या ड्रेसमध्ये, ओढणी तोंडावरून घेतलेली. मी हिरव्या लुगड्यासमोर दहीभात ठेवला. चेहरा बघायची हिंमत नव्हती, डोळे मिटले. अक्षता टाकल्या. म्हणालो, सुभद्रा, जा. आता येऊ नकोस.

एक हुंदका ऐकू आला. लहान मुलीसारखा—

डोळे उघडले तेव्हा लुगडं जमिनीवर पडलं होतं. आत काही नव्हतं, कोठीसुद्धा. जांभळी ओढणी थरथरत होती. तिचा हात धरून घरात आणलं. हात ऊन होता. देवा, हात ऊन होता.

आता ती स्वयंपाकघरात आहे. चहा ठेवते म्हणाली. मी ओसरीवर बसून लिहितो आहे. अंगणात मातीवर पावलं दिसत आहेत, पहिल्यांदाच बाहेर जाणारी. गॅरेजपासून फाटकाकडे. बारकी आहेत. सुभद्राचे पाय रुंद होते. मोनालीच्या उजव्या पायाचं मधलं बोट लांब आहे, लहानपणी मी तिला त्यावरून चिडवायचो, आणि या पावलांतही ते—

नाही. हात ऊन होता. ओढणी मी काढून पाहिली नाही, पण तो मोनालीचाच ड्रेस—

कपबशी वाजली. आतून हाक आली.

"अहो, ऐकून राहिले का? चहा थंडा होऊन राहिला."

मोनाली मला बाबा