धक्का बसला तेव्हा मी बसलेलोच होतो

तीर्थरूप बळीराम मामांच्या पायांशी नालासोपाऱ्याहून भाचा संकेत याचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (गुडघे खरोखर टेकलेत. पेन पलंगाखाली गेलं होतं.)

तुमचा डावा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? म्हैस व्याली का, आणि व्याली असेल तर मामी अजून तुमच्याशी बोलतात की सगळं बोलणं तिच्याशीच? आणि कोयनेकडचे धक्के कसे आहेत? इकडची माणसं गावाकडे पाऊसपाणी विचारतात. मी धक्के विचारले की माझ्याकडे बघत राहतात. त्यांना काय ठाऊक, आपल्या खोऱ्यात महिनाभर जमीन हलली नाही तर माणसाला चुकल्यासारखं होतं ते.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. तर मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात की तू फोनवर बोलतोस का पळतोस, नुसता धापेचा आवाज येतो. खरं आहे. फोन कानाला लागला की माझे पाय आपोआप सुटतात. त्या दिवशी तुम्ही भाताच्या बियाण्याचं सांगत होतात आणि मी खोलीतून निघून निर्मळच्या केळीच्या वाड्यांपर्यंत पोचलो होतो, परत यायला रिक्षा करावी लागली. पत्राला मात्र माणूस बसावा लागतो. तेव्हा हे पत्र हाच एक पुरावा धरा. शुद्धलेखनाकडे बघू नका. सातवीत शाळेने मला सोडलं का मी शाळेला, यावर मास्तरांचं आणि माझं अजून एकमत नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या पारावरचा नियम तुम्हीच घातलेला, म्हणून तुम्हाला सांगायला नको, पण सांगतो. चहा चालू असताना धक्का बसला तर जो जागचा उठेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. लहानपणापासून ते कप कोणी विसळले? मी. शाळेतल्या पोरांना पाढे पाठ झाले, मला कप. कोणाच्या कपाचा कान तुटलाय, कोणाच्या बशीला तडा आहे, सगळं हाताला ठाऊक. जमीन नुसती कुरकुरली तरी मी पार सोडून ओढ्यापाशी, आणि तुम्ही तिथेच मांडी घालून बशीत फुंकर मारताय, हे चित्र अख्ख्या वाडीने बघितलंय. आणि गेल्या शिमग्याला मी रेवाचा विषय काढला तेव्हा तुम्ही पारावर, चारचौघांत, बिडी विझवून काय म्हणालात ते मी विसरलेलो नाही. म्हणालात, "कराडचं हॉटेल सोडलंस, पुण्याची पोल्ट्री सोडलीस, टेम्पो तर चालता चालता सोडलास. माझी पोरगी काय टेम्पो आहे? ज्या दिवशी धक्का बसेल आणि तू जागचा हलणार नाहीस, त्या दिवशी ये मागणी घालायला."

मामा, मी ते शब्द गाठीला बांधले. पण गंमत बघा, मी नोकरी धरली ती नालासोपाऱ्यात. इथे भिंत कोणी ठोकली तर हलते, नळाला पाणी आलं की पंप सुरू होऊन हलते, पण जमीन म्हणून हलत नाही. (डहाणूकडे बसतात म्हणे धक्के, पण तिकडे आमच्या शेठचं गिऱ्हाईक नाही.) मी मनात म्हटलं, पैज लावली कोयनेत आणि येऊन पडलो कोरड्या विहिरीत. रेवाचं लग्न होईल, तिची पोरं शाळेत जातील आणि मी इथे धक्क्याची वाट बघत खिडक्या बसवत राहीन.

खिडक्यांचं सांगायचं राहिलं. आमचे शेठ फर्डिनंड, राहणार पापडी. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचं त्यांचं दुकान. माणूस सोन्यासारखा. नाताळात त्यांच्या मर्लिन बाईंनी मला एवढे गोड पदार्थ बांधून दिले की खोलीतल्या मुंग्यांनीसुद्धा सण केला. शेठची एकच तक्रार, तुमचीच. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "संक्या, तुला पाय दिलेत का चाकं?" कारण मी एक स्क्रू मारला की चहाला खाली, दुसरा मारला की जितेंद्रला काहीतरी विचारायला खाली. (जितेंद्र म्हणजे आपल्या खालच्या वाडीचा. तोही याच दुकानात काच कापतो. तो गावाला आला की फार बोलतो, हे लक्षात असू द्या.) शेवटी शेठने मला कमरेचा पट्टा आणून दिला. खिडकीबाहेर काम करताना पडू नये म्हणून असतो तो. पण सगळ्यांना पट्टा काम बाहेर असेल तेव्हा, आणि मला कायम.

तर रविवारची सकाळ. निर्मलछाया नावाची सात मजली इमारत, पाचव्या मजल्यावर चंद्रहास काकांचं घर. मूळचे मालवणकडचे, नोकरीतून निवृत्त, आता काम एकच, माझ्या कामावर देखरेख. मी हॉलच्या खिडकीत बसलेलो, पाय बाहेर जाळीच्या पिंजऱ्यात, हातात ड्रिल मशीन. सुमेधा काकूंनी चहा ठेवलेला. आणि तो आला.

मामा, मी ओळखला नाही असं म्हणणार नाही. पण ड्रिल चालू होतं, त्यामुळे आधी वाटलं हे आपलंच कर्तृत्व. मशीन बंद केलं तरी हात थरथरत राहिले, तेव्हा कळलं की पाहुणे गावाकडचे आहेत. पंखा बंद असून डुलायला लागला. शोकेसमधल्या काचेच्या बाहुल्या एकमेकींच्या कानाला लागल्या. काकांना वाटलं वरच्या मजल्यावरच्यांनी पुन्हा पिठाची चक्की लावली, म्हणून ते आधी छताकडे बघून ओरडले. मग माझ्याकडे बघून ओरडले, "अरे किती आत घातलंस ते ड्रिल?" अशी माणसं. जमीन हलतेय आणि ते कारागिराला बोल लावतायत. मी शांतपणे म्हणालो, "काका, भूकंप आहे."

त्यानंतर जे झालं ते तुम्ही बघायला हवं होतं. काका टीव्हीचा रिमोट घेऊन पळाले, टीव्ही तिथेच. काकूंनी शिटी व्हायच्या बेतातला कुकर उचलला. समोरच्या घरातला केयूर, जो रोज पहाटे व्यायामशाळेत लोखंड उचलतो, तो अंगाला साबण आणि कमरेला पडदा अशा अवस्थेत उतरला. (पडदा दांडीसकट होता. ती दांडी मी बसवलेली. पडद्यापेक्षा पक्की निघाली असती तर बिचाऱ्याचं काय झालं असतं.) अख्खी इमारत जिन्यात, जिन्यातून खाली आवारात. आणि मी, तुमचा भाचा, कप विसळायला जन्मलेला म्हणून तुम्ही ज्याला हिणवता तो, पाचव्या मजल्यावर, खिडकीत, एकटा. जागचा हललो नाही.

खालून सगळे मान वर करून बघत होते. काकू हातातल्या कुकरसकट हाका मारत होत्या, खाली ये रे बाबा, खाली ये. मी हात केला. म्हणालो, थांबा, एवढ्यात वर येऊ नका, आणि इमारतीला चिकटून उभे राहू नका, मोकळ्यात व्हा. लगेच सगळे सरकले, मामा. सेक्रेटरीसुद्धा. माझ्या एका शब्दावर एवढी माणसं कधी हलली नव्हती. आजवर माझ्यामुळे हललं ते फक्त शेठचं डोकं.

मग कोणीतरी विचारलं, केवढा असेल. मी पारावर अंदाज सांगतात तसा ओठ पुढे काढून सांगितला, तीन. फार तर सव्वातीन. चहा बशीत सांडला नाही म्हणजे त्याला आम्ही मोजत नाही. नंतर मोबाइलवर सव्वाचारच्या पुढे दाखवलं. त्यावर मी म्हटलं की मोबाइल इथला आहे, त्याला सवय नाही, तो घाबरून वाढवून सांगतो. लोकांना पटलं. घाबरलेल्या माणसाला काहीही पटतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

सगळे वर आल्यावर तर माझा दरबारच भरला. कोणी विचारतंय पलंगाखाली शिरावं का, कोणी विचारतंय लिफ्ट चालवावी का. एका बाईंनी तर गरोदर सुनेने आज काय खावं तेही मलाच विचारलं. पुन्हा येईल का, हे सगळ्यांचंच. मी म्हटलं, येतो की. भूकंप म्हणजे पाहुणाच. निरोप घेऊन जिना उतरतो आणि टोपी विसरली म्हणून एकदा परत येतो. संध्याकाळी शेठ स्वतः पापडीहून स्कूटरवर आले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि चारचौघांत म्हणाले की आमचा पोरगा जागेवरून उठला नाही. मामा, मला माझ्या जन्मात कोणी हे म्हटलं नव्हतं. तुम्ही तर नाहीच. त्या रविवारपासून मी निर्मलछायेत शिरलो की वॉचमन उभा राहतो. मी बसतो.

आता तुम्हीच न्याय करा. धक्का बसला. मी हललो नाही. सगळ्या इमारतीने बघितलं. मामींना, म्हशीला नमस्कार. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांनी मला द्यावा.

आपला, आता एका जागी बसणारा,
संकेत

ता. क. येत्या अमावस्येनंतर चांगला दिवस बघून मी आईला घेऊन मागणी घालायला येतोय. बाकी पत्र नीट वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं वाचा. चंद्रहास काका साक्षीला यायला तयार आहेत. त्यांना घाटातली गाडी लागते म्हणून ते आत्तापासून लिंबू हुंगायची सवय करतायत.

ता. क. दुसरा. जितेंद्र गणपतीला गावाला येईल आणि सांगेल की संक्याचा पट्टा जाळीला अडकवलेला होता, हुकात त्याचंच फटी बुजवायचं सिलिकॉन गळून घट्ट बसलं होतं, आणि तो हुक शेवटी जितेंद्रनेच वर जाऊन पकडीने सोडवला. यातलं हुकाचं खरं आहे. सिलिकॉनचंही. पकडीचं मात्र वाढवून सांगेल, स्क्रू-ड्रायव्हर होता. तो असंही म्हणेल की मी पट्टा ओढत होतो. घाबरून नव्हे, माल कसा आहे ते तपासत होतो. खालच्या लोकांनी मी "मामा" म्हणून ओरडल्याचं ऐकलं, तेही खरं. अशा वेळी वडीलधाऱ्यांची आठवण येणार नाही तर कधी येणार?

ता. क. तिसरा. हे लिहू का नको करत खोलीत पुष्कळ फेऱ्या मारल्या. (शाई तीन रंगांची दिसेल. पत्र एका बैठकीत झालेलं नाही, हे तुम्ही ओळखलं असेलच.) पट्टा सुटल्यावर काकूंनी मजल्यावरच्या सगळ्यांना चहा केला. चहा झाला आणि मी उठून सगळे कप गोळा केले. काकू म्हणाल्या, अरे तू कशाला.  पण मामा, हुक उघडला असता तर मी काकांच्या आधी खाली असतो, हे मला ठाऊक होतं. पारावरचा नियम पाचव्या मजल्यावर बदलत नाही. म्हणून विसळत होतो. तेवढ्यात तो टोपी न्यायला परत आला. लहानच होता, पण सगळे पुन्हा जिन्यात. माझ्या दोन्ही हातांत काकूंच्या लग्नातले कप, कमरेला पट्टा नाही, दार सताड उघडं. पाय सुटायला बघत होते. मी नळ बंद केला, तिथेच उभा राहिलो आणि जमीन गप्प झाल्यावर उरलेले कप विसळले.

तर असं आहे. पहिल्या धक्क्याला साक्षीदार अख्खी इमारत, पण पट्टा होता. दुसऱ्याला पट्टा नव्हता, पण बघायला कोणी थांबलं नाही. कोणता धरायचा ते तुम्ही ठरवा.

रेवाला मी दोन्ही सांगितलेत. तिने दुसरा धरलाय.