ह्यांची शेवटची विद्यार्थिनी

३ मार्च
हे गेल्यावर ह्यांचे विद्यार्थी पांगले. दातांच्या डॉक्टरीणबाई तेवढ्या उरल्या. महिनाअखेर त्यांची पियानोची परीक्षा – आणि सुरांचं वाक्य बोलल्यासारखं वाजवायला शिकवणार कोण? मी! आमची वाटणी लग्नापासूनची. बोटं आणि ताल माझ्याकडे, भाव ह्यांच्याकडे.
नणंद हसली. "वहिनी, तुझ्यासमोर पियानोसुद्धा हाताची घडी घालून बसतो!"

५ मार्च
डॉक्टरांचा एकही सूर चुकला नाही. आणि ऐकवत नव्हतं. प्रत्येक सूर दात उपटल्यासारखा सुटा – मुळासकट!
म्हटलं, "वाक्य संपलं की मनगट उचला, श्वास घ्या."
घेतला. त्यांच्या खुर्चीत पेशंट घेतो तसा.
"सरांकडे जमायचं हो. ते प्रत्येक वाक्याला शब्द लावून द्यायचे."
कुठले? तर लाजल्या. "जाऊ दे ना मॅडम."

९ मार्च
मग मीच शब्द लावले. 'आज सकाळी नळाला पाणी नव्हतं.' त्यांनी मन लावून वाजवलं. हुबेहूब तक्रार अर्ज.

१० मार्च
नणंदेचा फोन. "एकदा मोकळेपणी रडून घे गं." म्हटलं, आत्ता शिकवणी आहे.

१४ मार्च
डॉक्टर चाचरत म्हणाल्या, "स्टेशनजवळ एक क्लास आहे... परीक्षेपुरताच." म्हटलं, बरं. जिन्यापर्यंत पोचवायला गेले. ह्यांचं शिकवणं आता ह्या जिन्यावरून उतरून जाणार! न राहवून म्हटलं, "निदान ह्यांचे शब्द तरी सांगून जा."
"उद्या येते," म्हणाल्या. "पण रागवायचं नाही हं."

१५ मार्च
आल्या. सर गेल्यावर ते शब्द मनातसुद्धा आणायचे नाहीत असं ठरवलं होतं म्हणे – बरं दिसत नाही म्हणून. मग खाली मान घालून वाजवता वाजवता म्हणाल्या,
"जेवायला येताय ना? – येताय ना? – गार होतंय हो!"
शेवटच्या 'हो'वर मनगट अलगद उचललं. "इथे तिचा राग संपतो, म्हणायचे सर."
स्वयंपाकघरातला माझा आवाज. जसाच्या तसा!
आणि मला इतकी वर्षं वाटायचं, ह्यांना हाक ऐकूच येत नाही.