बाबांच्या नावावरची साखर

मंगळवार, दुपार

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

आम्ही मजेत. बाबा त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गेलेत, मी शिवायला बसलेय. बसलेय कसली, तीनदा उठून दाराची कडी बघून आले. हे लिहून झालं की कागदाचा फोटो तुला पाठवते. फोनवर बोलायला गेले तर रडूच येईल.

रविवारी तू बाबांना चांगलंच झापलंस. "ॲपवर रोज साखर चढलेली दिसतेय, चोरून काय खाता?" त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी भांडी घासायला पळाले, घासलेलीच परत घासली.

ॲपवरच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या गोळ्या वाढवल्यात. त्या नव्या गोळ्या मी त्यांना दिलेल्याच नाहीत. मशीनच्या खणात, रिळांखाली आहेत. ओरडू नकोस, पुढे वाच.

तू ते साखर मोजायचं यंत्र आणून दिलंस, तेव्हा चार दिवस त्यांनी टोचून घेतलं. मग म्हणाले, "बोट दुखलं की चिमट्यात स्क्रू धरवत नाही. तूच बघ काय ते." आणि इकडे तुझे फोनवर फोन, "आजचा आकडा का नाही आला?" मला मेलीला सुया टोचायची जन्माची सवय. माझं बोट पुढे केलं. आकडा छान आला, ॲपने शाबासकी दिली, तूही खूश. मग ते रोजचंच झालं. म्हटलं, कुणाचं काय बिघडतंय?

आता कळलं ना, चढलेली साखर कुणाची ते?

हल्ली सुईत दोरा ओवताना नाकी नऊ येतात. घसा सारखा कोरडा. मी आपली चष्म्याला बोल लावत होते. ठकू, मला फार भीती वाटतेय गं. डोळे गेले तर मी करू काय?

बाबांनी ओळखलंय. काल चहा त्यांनी केला, एवढ्या संसारात पहिल्यांदा. माझ्या कपात साखर नव्हती. मी तो तसाच पिऊन टाकला. आज सकाळी मात्र यंत्र घेऊन समोर बसले आणि बोट पुढे केलं. "आधी माझं. मग तुझं, तुझ्या नावावर."

त्यांचा आकडा बरा आला. माझी पाळी आली तशी मी दूध उतू जातंय म्हणून उठले. दूध गॅसवर नव्हतंच.

डॉक्टरीणबाईंना आजच खरं काय ते कळव. बाबांना फोन कर, माझ्या वाटची बोलणी त्यांनी खाल्लीत. आणि ॲपमध्ये माझं नाव घाल. उद्या सकाळी मी उठून पळणार नाही.

इतके दिवस बाबांच्या नावाआड लपलेली,
तुझी आई