हळदीतलं शेवटचं गाणं

आटपाडी, ३ एप्रिल २०२५

ती. धनाजीमामांस,
पल्लवीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्ही काही ऐकू न येता नुसतं बरं बरं म्हणता, म्हणून हे पत्र. पुढच्या महिन्यात माझं लग्न. हळदीला डॉल्बी सांगितली आहे, पण तिच्यावर मला तुमची गाणी हवीत. मी शाळेतही जात नव्हते तेव्हा तुम्ही वरातीत वाजवायचात ती, जुन्या चालींना नवा ठेका लावलेली. रिकाम्या बॉक्सवर मी नाचायचे आणि तुम्ही एका हाताने मला धरून दुसऱ्या हाताने मिक्सर चालवायचात.

आताची पोरं गाणं रंगात आलं की निम्म्यात तोडतात. तुम्ही नाचणाऱ्यांचे पाय बघून पुढचं गाणं लावायचात. तेव्हा मिक्सरवर तुम्हीच बसा. नाही म्हणालात तर मी मुंडावळ्या बांधणार नाही.

भाचीवरची माया हळदीपर्यंत तरी पातळ होऊ देऊ नका.
तुमची, पल्लवी

म्हसवड, ९ एप्रिल २०२५

चि. पल्लवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हसलो. मामा म्हणून अंतरपाटापर्यंत तुला मीच आणणार, त्यात खोट नाही. पण मिक्सरवर बसणार नाही. बॉक्सपुढे उभं राहून राहून माझे कान गेले. यंत्र लावलं तर गोंगाट तेवढा कळतो, गाणं कळत नाही.

लोक आवाज वाढव म्हणायचे, मी वाढवायचो. ती सगळी गाणी मी वाजवली, पण निवांत बसून एकही ऐकलं नाही. उद्या ऐकू, असंच वाटायचं. आता आठवायला बसलो की कानात नुसती शिट्टी वाजते. फार हळहळ वाटते गं. त्यात चारचौघांत हसं कशाला करून घेऊ?

तुझ्या आईला, आक्काला नमस्कार सांग. रागावलीस तरी चालेल, पण फार दिवस नको.
तुझा मामा, धनाजी

आटपाडी, १४ एप्रिल २०२५

चि. धनाजीस भामाआक्काचा आशीर्वाद.

मी बोलते तसंच लिही म्हणून पल्लवीला बसवलंय. लेका, लय शाणा झालास. कान गेलं म्हणून डोळं गेलं व्हय? तू पाय बघून वाजवत हुतास, त्ये पाय अजून हायती. तुज्या डॉल्बीवर सारी भावकी नाचली, मी कवा नाचले सांग. तवा बायकांनी पुढं याची चाल नव्हती. मी आपली आत भाकरी थापत बसायची. आता सासूबी न्हाई आन् लाजबी न्हाई. गुडघं दुखत्यात, पर मी नाचणार हाय आन् वाजवायचं तूच. न्हाईतर तुज्या वाटणीची पोळी कुत्र्याला घालीन.

हाय तशी माया ठेव आन् येळंवर ये.
तुजी आक्का

उंब्रज, १२ मे २०२५

ती. मामांस,
नव्या घरातून पल्लवीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

इथे सगळे मायेने वागवतात, काळजी नसावी. पण हळदीचा दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. ऊन उतरताना तुम्ही शेवटचं गाणं लावलंत ते काय वाजलं! कुणी थांबायलाच तयार नव्हतं. आई गुडघे विसरली आणि आता रोज तेल चोळत बसली आहे. डॉल्बीवाला पप्पूसुद्धा म्हणाला, मामांनी मैदान मारलं.

तुम्ही आमच्या पायांवरची नजर काढत नव्हता, अगदी लहानपणी पाहिलं होतं तसंच. तुम्ही आलात, माझी हौस फिटली. आता उंब्रजलाही एकदा पायधूळ झाडा.
तुमची, पल्लवी

म्हसवड, १८ मे २०२५

चि. सौ. पल्लवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पोरी, शेवटचं गाणं वाजलंच नाही. पहिल्याच कडव्यात जनरेटर बंद पडला होता. मामाला कळणार नाही, त्याच्या मनाला कशाला लागू द्या, म्हणून तुम्ही सगळे तसेच नाचत राहिलात. पण ठेका गेला की पाय फुटतात. तुझे पाय एकीकडे, करवल्यांचे भलतीकडे, तुझ्या बापाचे तर कुठेच नाहीत! मग मिक्सरकडे पाहिलं, तर लाल दिवा विझलेला. तरी मी बटणं फिरवत राहिलो. तुम्ही माझ्यासाठी नाचत होता, मी कुठल्या तोंडाने थांबवणार?

एकट्या आक्काचे पाय मात्र शेवटपर्यंत ठेक्यात पडत होते. नीट बघितलं, तर तिचे ओठ हलत होते. ती गात होती गं. भाकरी थापता थापता तिने ते अख्खं गाणं पाठ केलं होतं आणि इतकी वर्षं मला पत्ता नाही. गावोगाव बॉक्स लावत हिंडलो, सख्ख्या बहिणीचा आवाज कधी ऐकला नाही. आता ती माझ्यापुढे गात होती आणि माझ्या कानात शिट्टी वाजत होती. फार चुकल्यासारखं झालं.

माहेरी गेलीस की आक्काला जवळ बसवून ते गाणं लिहून घे आणि मला पाठव. चाल तिच्या पायांवरून ध्यानात आली आहे. शब्द तेवढे हवेत.

तुझा मामा,
धनाजी